आजारी नसलेल्यांचा रंग

मेट्रन कधीच मेट्रन नव्हत्या. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघराच्या त्या प्रमुख होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाडी पाहिली ती फक्त पायजम्यांची. पण चादरींच्या गठ्ठ्यांमधून त्या ज्या चालीने फिरत, ती चाल पाहून खऱ्या मेट्रनसुद्धा बाजूला होऊन वाट देत. हे नाव त्यांच्या नवऱ्याने ठेवलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा उशीला अभ्रा उलटा घातला म्हणून बायकोने त्यांना दुपारच्या डुलकीतून उठवलं होतं. पुढे मुलांनी ते नाव उचललं, मग शेजाऱ्यांनी. मेट्रन वरवर आठी घालत, पण एकदा इमारतीतल्या एका नवख्या बाईंनी त्यांना नुसतं 'काकू' म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला सगळ्यांनी पाहिला होता.

इस्पितळात त्यांच्या हाताखाली मोठा ताफा होता. निवृत्तीनंतर तो सगळा भार घरच्यांवर आला. टॉवेलांच्या घड्यांची दुमड दरवाज्याकडे हवी, मोजे बोळे करून ठेवायचे नाहीत, रंगीत आणि पांढरे कपडे एका बादलीत दिसले तर खुलासा द्यायचा. मुलगा आणि सून वरच्याच मजल्यावर राहत, त्यामुळे त्यांच्या कपड्यांच्या दोऱ्यांवरही मेट्रनचं लक्ष असे. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, म्हणून ती वाचली असं बाकीचे म्हणत. नवऱ्याने आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या होत्या आणि त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. कुठल्या कानाने, ते मेट्रन कुठल्या बाजूला बसल्यात त्यावर ठरे. थंडी असो वा उकाडा, त्यांच्या अंगात एक बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर असे. मेट्रनच्या राज्यात एवढा एकच कपडा असा होता, की त्याच्यावर त्यांची सत्ता चालत नव्हती.

तर एकदा विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईने, नवं घर बघायला सगळ्यांना बोलावलं. दिवाणखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या समोरच्या भिंतीवर दाराएवढा फोटो. विहीणबाईंचं सगळं कुटुंब, वरपासून खालपर्यंत मोतिया रंगात, मागे मऊ उजेड. आणि त्या सगळ्यांमध्ये, व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, मेट्रनचा स्वतःचा मुलगा. तोही मोतिया. घरच्या प्रत्येक फोटोत जो माणूस दातांच्या डॉक्टरपुढे जबडा दाखवायला बसल्यासारखा दिसतो, तो इथे चक्क हसत होता.

"मागच्या हिवाळ्यात काढला," विहीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस होतो सगळे एकत्र. मजा आली."

मागच्या हिवाळ्यात मुलगा दोन दिवस ऑफिसच्या प्रशिक्षणाला गेला होता, सून आणि नात सुट्टी म्हणून माहेरी. निदान मेट्रनना तरी तसंच सांगण्यात आलं होतं. मुलगा खिडकीतून बाहेरची इमारत फार लक्षपूर्वक बघायला लागला.

"प्रशिक्षण चांगलं झालेलं दिसतंय," मेट्रन म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

परतताना गाडी घराच्या वळणाशी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आपला सगळ्यांचा मिळून एक फोटो नाही."

"रोज बघतोच की एकमेकांना," नवरा म्हणाला. त्या क्षणी मेट्रन त्यांच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसल्या होत्या, हे ते विसरले होते.

दुसऱ्याच दिवशी मेट्रन स्टुडिओत जाऊन हजर. फोटोवाला अनुभवी माणूस होता. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की जवळजवळचे रंग ठरवा. मोठी फुलं नकोत, पट्टे नकोत, छातीवर अक्षरं असलेलं तर काहीच नको.

"जावई आहेत?" त्याने विचारलं.

"एक आहेत."

"मग त्यांना कडेला घेऊ. मी जावई, सुना सगळे कडेलाच उभे करतो. पुढे काही कमी-जास्त झालंच तर फोटो कापायला सोपा जातो. माणूस मधला असला की त्याला कापलं तरी त्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर राहतोच."

"आमच्याकडे असलं काही होत नाही," मेट्रन म्हणाल्या.

रंग त्यांनी स्टुडिओतून घरी येईपर्यंत ठरवला होता. पारवा. इस्पितळात चादरी पांढऱ्या, ऑपरेशनचे झगे हिरवे, रोग्यांचे कपडे निळे. सगळी नोकरी याच तीन रंगांत गेली. पारव्या रंगाचं एकही कापड कधी त्यांच्या हौदात पडलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो आजारी नसलेल्या माणसांचा रंग होता. अर्थात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी घरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'शनिवार, अकरा वाजता. सगळे पारवा. चर्चा नको.'

चर्चा लगेच सुरू झाली. सून शाळेत गणित शिकवायची आणि हरकती मुद्देसूद मांडायची. तिने लिहिलं, पारवा घातला की माझा चेहरा कालचा दिसतो. मुलाने लिहिलं, हलक्या रंगात पोट पुढे येतं. मेट्रननी उत्तर दिलं, पोट पुढे आलंय म्हणून ते येतं. नातीला अजून लिहिता येत नव्हतं. तिने आईच्या फोनवरून आवाज पाठवला, की ती पिवळे गमबूट घालणार आहे आणि बाकी कुणी काहीही घाला. नवरा ग्रुपवर नव्हता. त्यांना समोरच विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले, "घालीन की पारवा. स्वेटरच्या आत."

मेट्रन हार जाणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी कापडाच्या दुकानातून पारव्याच्या चांगल्या पाच-सहा छटांच्या चिंध्या मागून आणल्या. मग संध्याकाळी एकेकाला खिडकीशी उभं करून, हनुवटीखाली चिंधी धरून, डोळे बारीक करून पाहिलं. मुलगा ऑफिसातून दमून आलेला. तो म्हणाला, "आई, ताप बघतेयस का?" सुनेला तीन छटा लावून झाल्यावर मेट्रन नुसतं "हं" म्हणाल्या. त्या 'हं'वरून सून दोन दिवस घुश्शात होती.

या सगळ्या धुमश्चक्रीत मुलगी मात्र एकदम शहाण्यासारखी वागत होती. प्रत्येक निरोपाखाली तिचं एकच उत्तर, 'ठीक आहे'. पारवा? ठीक आहे. अकरा वाजता? ठीक आहे. केस मोकळे नकोत? ठीक आहे. लहानपणी रिबिनीच्या रंगावरून शाळेची बस चुकवणारी मुलगी एकाएकी इतकी गुणी कशी झाली, याचं मेट्रनना नवल वाटायला हवं होतं. पण हुकूम पाळला गेला की त्यांना पुढचं दिसत नसे. त्या सुनेला म्हणाल्याही, "बघा, वळण लागतं ते असं."

एकच गोष्ट अडून राहिली होती. जावयांच्या शर्टाचं माप. मुलगी 'बघून सांगते' म्हणाली आणि तिने काही सांगितलं नाही. शेवटी मेट्रन दोन मापांचे शर्ट पिशवीत घालून स्वतःच तिच्या घरी गेल्या.

मुलगी घरूनच काम करायची, एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर आणि कुणा अनोळखी माणसाची ती मनापासून माफी मागत होती. तिने हातानेच आईला बसायला सांगितलं. पण बसतील तर त्या मेट्रन कसल्या. जावयांचा एखादा जुना शर्ट काढून त्यावर नवे लावून बघावेत म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

अर्ध्या कपाटात मुलीचे कपडे दाटीवाटीने लटकत होते. उरलेल्या अर्ध्यात नुसते हँगर. खालचा खण त्यांनी ओढून पाहिला. तळाशी अंथरलेला कागद दिसला आणि त्यावर कोटाचं एक सुटं बटण.

मेट्रनच्या नोकरीत रिकाम्या कप्प्याचे दोनच अर्थ होते. कपडे धुवायला गेलेत, नाहीतर माणूस गेला, घरी किंवा आणखी कुठे. त्या मोरीपर्यंत गेल्या. टॉवेल एक. दात घासायचा ब्रश एक. परत येऊन त्यांनी कपाट लावलं, आवाज न करता. मुलीने रिकाम्या अर्ध्यात स्वतःचा एकही ड्रेस सरकवला नव्हता, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. तिकडे ती कोंबाकोंबी, आणि इकडे एवढी जागा.

बाहेरचा फोन संपला. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"सापडला शर्ट?"

"नाही. सगळे धुवायला पडलेत वाटतं."

"हो," मुलगी म्हणाली. "राहून गेलंय धुवायचं."

मग दोघींनी चहा घेतला आणि केसांना कुठल्या पिना लावायच्या, यावर बरंच बोलल्या.

परतीच्या बसमध्ये मेट्रन खिडकीशी बसल्या. डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता डावीकडे एक माणूस कमी पडणार आणि फोटो एका बाजूला कलणार. आपल्याला आधी हे सुचावं याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली खरी, पण विचार काही जागचा हलला नाही. विहीणबाईंच्या भिंतीवर मात्र सगळे जागच्या जागी होते, आपला मुलगासुद्धा. घरी पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. दार ओढून घेतलं आणि जावयांना फोन लावला.

जावई फरशा विकणाऱ्या कंपनीत होते. मऊ स्वभावाचे, वेळेचे पक्के. आवाज चढवला तर आपलीच फरशी तडकेल, अशा बेताने बोलणारे. सासूबाईंचा फोन उचलून त्यांनी श्वास घेतलेला इकडे ऐकू आला.

"आई, मी तुम्हाला सांगणारच होतो. आमचं जरा..."

"कॉलर किती?"

पलीकडे कॉलर चाचपल्याची खसखस ऐकू आली.

"साडेपंधरा," जावई म्हणाले.

"शर्ट उद्या तुमच्या ऑफिसात पोचतोय. शनिवारी अकराला स्टुडिओत या. इस्त्री करून."

"आई, पण हे तिला माहीत आहे का?"

"फोटो कुटुंबाचा आहे," मेट्रन म्हणाल्या. हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं. पण जावई 'बरं' म्हणाले, सुईसमोर दंड पुढे करणारा माणूस म्हणतो तसं.

शनिवारी मेट्रन सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचल्या. थोड्या वेळाने वरच्या मजल्याचं कुटुंब आलं. सुनेच्या अंगात गडद हिरवा ड्रेस.

"हा पारवा आहे?" मेट्रननी विचारलं.

"पारव्याच्या जवळचा आहे."

"कुठल्या बाजूने?"

"आई, फोटोवाल्यांनी जवळजवळचे रंग सांगितले होते. तुम्ही एकच ठरवलात. मी नियमातच आहे."

मुलाचा शर्ट पारवा होता, पण इतका तंग, की त्याने आल्यापासून पोटभर श्वास घेतला नव्हता. नात पिवळ्या गमबुटांत फताक फताक वाजवत सगळीकडे फिरत होती. आणि नवरा, ठरल्याप्रमाणे, आत पारवा शर्ट, वर तपकिरी स्वेटर.

"काढा तो," मेट्रन म्हणाल्या.

"थंडी आहे."

"दिव्यांची भट्टी आहे इथे नुसती. फोटोवाल्यांना घाम फुटलाय."

नवऱ्याने मान किंचित वळवली आणि कमी ऐकू येणारा कान पुढे केला.

तेवढ्यात दार उघडलं आणि जावई आत आले. पारवा शर्ट, बाह्यांना सुरीसारखी इस्त्री, केस बसवलेले, बूट चकचकीत. मेट्रनच्या डोळ्यांपुढे जो फोटो इतके दिवस होता, त्यातून हा एकटा माणूस चालत बाहेर आल्यासारखा वाटला. साऱ्या घरात सांगितलेलं ऐकणारा एकच निघाला, आणि तोच घर सोडून गेलेला. फोटोवाल्याने त्यांना बघताच न विचारता डाव्या कडेला उभं केलं.

आणि शेवटी मुलगी आली. तीही पारव्यात, कारण ती 'ठीक आहे' म्हणाली होती. दोघं कापडाच्या एकाच ठाणातून कापल्यासारखे दिसत होते. तिने जावयांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि कुणाशी न बोलता कपडे बदलायच्या खोलीत निघून गेली. मेट्रन मागोमाग गेल्या. खोली कसली, आरसा आणि एक स्टूल एवढाच आडोसा होता. मुलगी स्टुलावर बसली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"कपाट उघडलं तेव्हापासून."

"आणि विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं?" मुलगी शांतपणे म्हणाली. "तू आधी विचारलं असतंस, की मग फोटोत माझ्या शेजारी कोण."

आरशात दोघी दिसत होत्या. त्यांनी आरशाकडे पाठ केली.

"काय बिनसलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर. मी म्हणायचे ठीक आहे, तो म्हणायचा बरं. एकदा सोफा घ्यायला गेलो. मी म्हणाले तू ठरव, तो म्हणाला तू ठरव. असं करता करता दुकान बंद झालं. बाहेर फुटपाथवर उभे राहिलो आणि दोघांनाही एकदमच कळलं."

"एवढ्यावरून?"

"एवढंसुद्धा नाही आई. एवढंसुद्धा कधी झालं नाही."

बाहेर गमबुटांचा आवाज येत होता. मेट्रननी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे शिवण जराशी वर आली होती, तीही त्यांनी सवयीने दाबून बसवली. मग त्या बाहेर गेल्या.

जावई अजून डाव्या कडेला उभे होते, हात शिवणीला लावून.

"तुम्हाला बोलावलं ते माझं चुकलं," मेट्रन म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची कुणाला सवय नव्हती. मुलगा दचकून वळला.

"मलाही यायचं नव्हतं," जावई म्हणाले.

"मग नाही म्हणायचं."

"तुम्हाला?" जावयांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"बरोबर आहे त्याचं," नवरा म्हणाला. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

आता जावई निघणार, तोच मुलगा लेकीचे गमबूट काढायला वाकला. फर्रकन आवाज झाला. शर्ट पाठीवर कॉलरपासून कंबरेपर्यंत फाटला. सुनेने डोळे मिटून घेतले. फोटोवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, कारण पुढचं कुटुंब बाहेर येऊन बसलं होतं, आणि ते तर सगळेच लाल होते. स्टुडिओत सुई होती, पण शर्टाला आता सुईचा उपयोग नव्हता.

जावयांनी जरा विचार केला आणि आपल्या शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.

"हा बसेल तुला," ते मुलाला म्हणाले. "थोडा मोठाच पडेल."

"आणि तू?"

"मी काय, घरीच जातोय."

पण बनियनवर बाहेर कसं जाणार, हा प्रश्न होताच. नवरा खुर्चीवरून उठला, तपकिरी स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि जावयांच्या हातात दिला. मेट्रन बघतच राहिल्या. ज्या स्वेटरसाठी त्यांनी आयुष्यभर समजावलं, रुसवे धरले, एकदा तर तो चुकून हरवल्याचं नाटकही केलं, तो असा एका मिनिटात निघाला.

"बाहेर थंडी आहे," नवरा म्हणाला.

मुलगी आडोशातून बाहेर आली तेव्हा तिच्या भावाच्या अंगात तिच्या नवऱ्याचा शर्ट होता आणि नवऱ्याच्या अंगात बापाचा स्वेटर. ती बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. ते आवरेना तेव्हा तिने तोंडावर हात धरला. जावईही हसले. दोघं दारापाशी थोडा वेळ बोलत उभे राहिले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. मेट्रननीसुद्धा ऐकायचा प्रयत्न केला नाही, म्हणजे फार केला नाही.

मग फोटो निघाला. मेट्रननी मुलीला आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसवलं आणि सुनेला कडेवरून काढून मागे मधोमध उभं केलं. आठवड्याने तो मोठा करून आला. सुनेचा हिरवा मधोमध उठून दिसतो आणि खरं सांगायचं तर त्यानेच फोटोला जान आली, पण हे मेट्रन मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. मुलाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात. गमबूट शेवटी पायातच राहिले. नवरा स्वेटरविना इतका उघडा वाटतो, की जणू त्यांचा चष्माच कुणी काढून घेतलाय. मेट्रनचे डोळे अर्धवट मिटलेत. फोटोवाल्याने पुन्हा काढून देतो म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, राहू दे, सगळ्यांना परत गोळा करायची माझ्यात ताकद नाही. दिवाणखान्यात तो लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी 'जावई कुठेत' म्हणून विचारलं, की त्या शांतपणे सांगत, "ते शर्ट द्यायला आले होते." त्यापुढे कुणी विचारत नसे.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आई, उद्या कोर्टात जायचंय. सह्या आहेत. काय घालू?"

मेट्रननी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुती घाल," मग त्या म्हणाल्या. "असल्या जागी पंखे धड चालत नाहीत. आणि खिसे असलेलं घाल."

"रंग?"

"कुठलाही घाल." त्या थांबल्या. "पांढरा नको. बाकांवर धूळ असते."

"ठीक... बरं," मुलगी म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

"मी येऊ का?" मेट्रननी विचारलं. आजवर त्यांनी 'येते' म्हणून सांगितलं होतं, विचारलं कधी नव्हतं.

"ये. पण डबा आणू नकोस. पिकनिक नाहीये."

मेट्रननी डबा नेला नाही. पिशवीत बिस्किटांचा पुडा तेवढा टाकला. कामाला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. नंतर मुलगी, जावई आणि त्या, तिघंही बाहेरच्या बाकावर बसले, आणि सगळी बिस्किटं संपेपर्यंत कुणी उठलं नाही.